ठिणगी कोणी टाकली?
महायुद्धपूर्व मुत्सद्देगिरी आणि आपली इतिहासभाषा

खाप्याच्या एका शाळेतील विद्यार्थिनीची इतिहासाची उत्तरपत्रिका मध्यंतरी आमच्या पाहण्यात आली. 'पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा' हा ठरलेला प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर. साम्राज्यवादी स्पर्धा, शस्त्रास्त्रांची चढाओढ, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद आणि शेवटी तात्कालिक कारण म्हणून साराजेव्हो येथील हत्या. अक्षर सुरेख, क्रम अचूक, गुण पैकीच्या पैकी. आम्ही तिला सहज विचारले, "या युद्धाशी तुझ्या गावाचा काही संबंध होता का गं?" क्षणभर विचार करून ती म्हणाली, "नाही सर, ते सगळं युरोपात झालं ना!" तिचे वडील खाप्याजवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत कामाला आहेत.

उत्तरात मुलीचा काहीच दोष नव्हता. जे तिला वाचायला मिळाले, ते तिने इमानाने लिहिले. दोष असलाच, तर तो तिने ज्या भाषेतून हे सारे वाचले त्या भाषेचा आहे, आणि म्हणून तो आपल्या सर्वांचा आहे. मराठीत महायुद्धपूर्व युरोपविषयी पाठ्यपुस्तकांतून, लोकप्रिय इतिहासग्रंथांतून आणि व्याख्यानमालांतून जी भाषा रूढ झाली आहे, तिचे परीक्षण करण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे. एखाद्या ग्रंथावर वा ग्रंथकारावर टीका करावी, हा आमचा हेतू नाही. एका रूढ झालेल्या कथनाला आम्ही काही प्रश्न विचारू इच्छितो.

या कथनाचा डोलारा मुख्यतः दोन रूपकांवर उभा आहे. पहिले रूपक दारूच्या कोठाराचे. युरोप हे दारूगोळ्याचे कोठार बनले होते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ठिणगी पडली आणि भडका उडाला. दुसरे रूपक भाऊबंदकीचे. जर्मनीचा कैसर आणि इंग्लंडचा राजा हे सख्खे आतेमामेभाऊ, रशियाचा झार त्याच गोतावळ्यातला. तेव्हा हे मूलतः एका घराण्यातले भांडण, त्यात जग नाहक भरडले गेले. दोन्ही रूपके ऐकायला मोठी आकर्षक आहेत. वर्गात सांगितली तर मुले कान देऊन ऐकतात. परंतु रूपक आकर्षक असणे निराळे आणि खरे असणे निराळे.

ठिणगीच्या रूपकातील पहिला दोष व्याकरणाचाच आहे. 'ठिणगी पडली' या वाक्यात कर्ता ठिणगी आहे. ती टाकणारा हात वाक्यात नाही. कोठार कोणी भरले, पहारा कोणी हटवला, आग लागल्यावर पाणी घेऊन येणाऱ्याला कोणी अडवले, हे प्रश्न या वाक्यात मावतच नाहीत. क्रियापद अकर्मक झाले की जबाबदारीही अदृश्य होते. आश्चर्य असे की, हीच मराठी भाषा रंगभूमीवर इतकी भाबडी नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे अचूक ओळखले. सरकारनेही ते ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. अन्यायाला करणारा असतो, त्याला नाव असते, हे ज्या मराठी वाङ्मयाने पौराणिक कथेच्या आडूनही ठणकावून सांगितले, त्याच वाङ्मयाच्या इतिहासशाखेने जगाच्या सर्वांत मोठ्या संहारांपैकी एकाचे कर्तृत्व ठिणगीला द्यावे, हे आम्हाला खटकते.

आता प्रत्यक्षात काय घडत होते ते पाहू. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिन येथे आफ्रिकेच्या प्रश्नावर परिषद भरली. चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. त्यांत आफ्रिकेचा एकही नव्हता. १८९८ साली नाईलकाठच्या फाशोदा येथे इंग्लंड आणि फ्रान्स हातघाईवर आले; फ्रान्सने माघार घेतली. त्याच वर्षी इंग्लंड आणि जर्मनी यांनी एक गुप्त करार करून, पोर्तुगाल कर्जबाजारी झालाच तर त्याच्या आफ्रिकेतील वसाहती कशा वाटून घ्यायच्या, हे ठरवून टाकले. ज्याची मालमत्ता वाटायची तो पोर्तुगाल तर इंग्लंडचा जुना दोस्त. ८ एप्रिल १९०४ च्या इंग्लंड-फ्रान्स समझोत्याचा गाभा असा होता की, इजिप्तमध्ये इंग्लंडला मोकळीक आणि मोरोक्कोत फ्रान्सला. समझोत्याची काही कलमे प्रसिद्ध झाली, काही गुप्त राहिली. गुप्त कलमे उजेडात यायला १९११ साल उजाडले. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंड आणि रशिया यांनी इराणचे तीन पट्टे केले, उत्तरेचा रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेयेचा इंग्लंडच्या आणि मधला तटस्थ. इराणी सरकारला हे मागाहून कळवण्यात आले.

या साऱ्यात एक रीत दिसते. दोन बलाढ्य सत्तांचे वाजते, धमक्या दिल्या जातात, एखादी परिषद वा करार होतो आणि शेवटी किंमत तिसरा मोजतो. हा तिसरा बहुधा बैठकीत नसतो. कधी असला तरी नावापुरता असतो. १९०५ साली कैसर टँजियरला उतरून मोरोक्कोच्या स्वातंत्र्याचा कैवार घेतो, १९०६ साली आल्जेसिरास येथे परिषद भरते, मोरोक्कोचे प्रतिनिधी तेथे बसलेलेही असतात. पण त्यांच्याच देशाच्या बंदरांतील पोलीस फ्रेंच आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या हाती जातात. १ जुलै १९११ रोजी जर्मनीची 'पँथर' ही युद्धनौका आगादीरच्या बंदरात येऊन उभी राहते, युरोप श्वास रोखतो आणि ४ नोव्हेंबरला तडजोड होते. मोरोक्को फ्रान्सचा, आणि त्याच्या मोबदल्यात फ्रेंच काँगोचा एक मोठा तुकडा जर्मनीला. काँगोच्या रानात राहणाऱ्या माणसाला आपले सरकार बदलल्याचे कधी कळले असेल, कोण जाणे!

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा कन्हानच्या काठी हातमागावर बसलेल्या खाप्याच्या कोष्ट्यालाही कोणी विचारले नव्हते. तेव्हा ही रीत आपल्याला परकी नाही. परकी वाटते ती तिचे वर्णन करणारी भाषा, कारण त्या भाषेत केवळ वाटणी करणारे दिसतात. ज्यांची वाटणी झाली ते दिसत नाहीत.

येथे अभ्यासू वाचक एक आक्षेप घेईल आणि तो योग्य आहे. वसाहतींच्या स्पर्धेमुळे महायुद्ध झाले, हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. १९१४ च्या उन्हाळ्यापर्यंत इंग्लंड आणि जर्मनी यांचे वसाहतींबाबतचे बरेच तंटे मिटत आले होते. पोर्तुगीज वसाहतींच्या वाटणीचा नवा मसुदा १९१३ मध्ये तयार झाला होता. बगदाद रेल्वेच्या प्रश्नावरील इंग्लंड-जर्मनी करारावर १५ जून १९१४ रोजी, म्हणजे साराजेव्होच्या अवघ्या तेरा दिवस आधी, प्राथमिक सह्या झाल्या होत्या. मग पाठ्यपुस्तकातले पहिले कारण खोटे म्हणायचे काय?

आमच्या मते खोटे नाही, अर्धवट आहे. वसाहतींचे तंटे मिटत होते हे खरे. पण ते ज्या पद्धतीने मिटत होते तीच पद्धत पुढच्या तंट्याला जन्म देत होती. फ्रान्स आणि इटली यांनी आधीच एकमेकांना शब्द दिला होता की, मोरोक्को तुमचा तर त्रिपोली आमचे. १९११ मध्ये फ्रान्सचे मोरोक्कोत बस्तान बसताच इटलीने सप्टेंबरात तुर्कस्तानच्या ताब्यातील त्रिपोलीवर चाल केली. तुर्कस्तान गुंतलेले आणि दुबळे झालेले पाहून १९१२ मध्ये बाल्कन राष्ट्रांनी त्याच्यावर हल्ला केला. त्या युद्धांतून सर्बिया दुपटीने वाढून बाहेर पडला आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या डोळ्यांत सलू लागला. आगादीरपासून साराजेव्होपर्यंत अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. प्रत्येक पायरीवर कोणा मंत्र्याची सही आहे, तारीख आहे.

आणि शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. जुलै १९१४ मध्ये मुत्सद्द्यांनी तोच जुना डाव मांडला. धमकी द्या, समोरचा माघार घेईल, किंमत तिसरा मोजेल. पण या वेळी ज्याने किंमत मोजायची तो सर्बिया होता आणि त्याच्या पाठीशी रशिया उभा होता. हाताशी द्यायला काँगोचा तुकडा नव्हता. २६ जुलै रोजी इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी राजदूतांच्या परिषदेची सूचना केली. जर्मनीने ती नाकारली. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच्या अंगणात तीस वर्षे जी सवय जोपासली, ती स्वतःच्या घरात वापरताच घर पेटले. 'ठिणगी पडली' या दोन शब्दांत यातले काय येते?

आता खाप्याकडे वळू. गुमगावची खाण ज्या पट्ट्यात आहे तो मँगनीजचा पट्टा नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेला आहे. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि विसावे शतक उजाडता उजाडता नागपूर जिल्ह्यातून मँगनीज बाहेर जाऊ लागले. पोलाद शुद्ध आणि कणखर करायला मँगनीज लागते; त्याच्यावाचून ना रूळ, ना तोफ, ना युद्धनौकेचे चिलखत. १९०५ च्या क्रांतीने रशियाच्या कॉकेशसमधील खाणींचा व्यवहार विस्कळीत झाला, तेव्हा पोलादाचे कारखानदार मध्य प्रांताकडे वळले. १९०७ साली हिंदुस्थानचे उत्पादन ९ लाख टनांच्या आसपास गेले आणि १९१३ सालीही ते ८ लाख टनांच्या वर होते.

हा माल जात होता कोठे? इंग्लंडला जात होता, तसा बेल्जियमला, फ्रान्सला, अमेरिकेला आणि जर्मनीलाही जात होता. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मोरोक्कोतील खनिजांवर मानेसमान बंधू या जर्मन उद्योगपतींनी हक्क सांगितला, तेव्हा तो दोन राष्ट्रांच्या परराष्ट्रखात्यांचा वाद झाला. मध्य प्रांतातील खनिजावर असा वाद झाला नाही. कारण तेथे एकच झेंडा होता आणि त्या झेंड्याखाली माल कोणालाही विकला जात होता. एकाच मातीतला दगड एकमेकांविरुद्ध सज्ज होणाऱ्या दोन्ही बाजूंच्या भट्ट्यांत पडत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये शत्रुराष्ट्रांकडे जाणारा माल थांबला, जहाजे दुर्मिळ झाली, आणि १९१५ साली उत्पादन १९१३ च्या जवळजवळ निम्म्यावर आले. या पट्ट्यात टोपली उचलणाऱ्या किती बायाबापड्यांची रोजी त्या वर्षी गेली असेल, त्याचा हिशेब आपल्या कथनात नाही. 'ते सगळं युरोपात झालं' हे वाक्य येथे खोटे ठरते.

तीच गोष्ट सैनिकांची. ज्या बगदाद रेल्वेवर जूनमध्ये सामोपचाराने सह्या झाल्या, त्याच इराकच्या भूमीवर नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन उतरली. तिच्यातल्या मराठा पलटणींनी पुढे कुत-अल्-अमाराचा वेढा सोसला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य तुर्कांना शरण गेले. युरोपच्या भाऊबंदकीचे हे भागीदार कोणत्या नात्याने?

आणि भाऊबंदकीच्या रूपकाचा विचार करताना आपल्या धर्मसभेचा अनुभव विसरता येत नाही. मुंबई-पुणे मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मन येशूसंघीयांकडे होते. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, केंदळ, संगमनेर, राहाता येथे त्यांनी घातलेला पाया आजही उभा आहे. त्यांच्यापैकीच हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू केले. मराठी कॅथलिक नियतकालिकांची जी परंपरा आपण आज मिरवतो, तिच्या उगमाशी हा जर्मन माणूस आहे. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. महायुद्धामुळे त्यांना आपल्या धर्मप्रांतात परतता आले नाही. पुढे त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ साली ते पुण्याला परत आले. त्यांचे अनेक जर्मन सहकारी युद्धकाळात नजरकैदेत पडले आणि मायदेशी धाडले गेले.

इकडे नागपूरच्या धर्मप्रांतात मात्र निराळे घडले. तेथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू सव्हॉय प्रांतातल्या आनसीहून आले होते. १८४६ साली त्यांची पहिली तुकडी विशाखापट्टणमच्या मिशनमध्ये आली, तेव्हा सव्हॉय सार्डिनियाच्या राज्यात होते. २४ मार्च १८६० च्या तुरीन येथील कराराने ते फ्रान्सकडे गेले. त्यामुळे १९१४ साली नागपूरचे हे फादर फ्रेंच, म्हणजे इंग्रजांचे दोस्त ठरले. एकच श्रद्धा, एकच मिस्सा, एकाच महाराष्ट्रातली गोरगरीब माणसे. पण राहुरीजवळच्या केंदळला पाया घालणारे शत्रू आणि नागपूरचे मित्र! हा भेद कोणाच्या रक्तात वा वर्तनात नव्हता. तो कागदावरच्या करारांनी निर्माण केला होता. भाऊबंदकीत भाऊ भावाला ओळखतो तरी. येथे ओळखीचा प्रश्नच नव्हता, पारपत्र कोणत्या देशाचे एवढेच पाहिले गेले.

आपण येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. मिशनकार्य या साऱ्या व्यवहारापासून पूर्णपणे अलिप्त होते, असा दावा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाद्रुआदो आणि प्रोपगांडा यांच्या वादात आपल्याच पूर्वजांनी एका गावात दोन अधिकार अनुभवले आहेत. साम्राज्याच्या छत्रछायेचा लाभ मिशनांना मिळाला आणि साम्राज्ये भांडली तेव्हा त्याची किंमतही मिशनांनी मोजली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील ४३८ वे कलम जर्मन मिशनांच्या मालमत्तेविषयी आहे. प्रार्थनामंदिरे आणि शाळा यांची विल्हेवाटही अखेर तहाच्या कलमांत लागली, हे वाचताना मन विषण्ण होते. आणि शांततेसाठी १ ऑगस्ट १९१७ रोजी सर्व युद्धमान राष्ट्रांना साद घालणारे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांना तहाच्या वाटाघाटींपासून दूर ठेवण्याचे कलम १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारातच घालून ठेवलेले होते. बैठकीबाहेर ठेवले गेलेल्यांच्या रांगेत धर्मपीठही होते.

कोणी म्हणेल, हा स्थानिक अभिमानाचा अतिरेक आहे. खाप्याच्या दगडावरून महायुद्ध झाले असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. खाप्याच्या मँगनीजने युद्ध घडवले नाही, की ते अडवलेही नाही. युद्धाचे निर्णय व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडन येथेच झाले. आमचे म्हणणे इतकेच की, निर्णय जेथे झाले तेवढ्यापुरताच इतिहास लिहिला, तर निर्णयांचा भार ज्यांच्या डोक्यावर पडला ते वाचकाच्या नजरेतून सुटतात. आणि मग त्यांच्याच नातवंडांना तो इतिहास परका वाटतो.

पाठ्यपुस्तकाच्या पाच कारणांना आमचा विरोध नाही. मर्यादित पानांत बरेच काही सांगण्याची ती एक सोय आहे. पण सोयीचे सत्य झाले की समीक्षेने मध्ये पडावे लागते. कोठार आणि ठिणगी यांच्याऐवजी करार, तारीख आणि सही यांची भाषा रुक्ष वाटेल. तरी तिच्यात करणारा दिसतो, आणि करणारा दिसला की करण्यावाचून राहता आले असते, हेही दिसते. १९१२-१३ मध्ये लंडनला राजदूतांची परिषद भरली होती आणि तिने बाल्कनचा वणवा मोठ्या सत्तांपर्यंत पोहोचू दिला नव्हता. १९१४ मध्येही तशी परिषद शक्य होती. ती नाकारली गेली. आगीला नकार देता येत नाही, माणसाला देता येतो.

१९६२ साली ती जुनी ब्रिटिश कंपनी जाऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉयल, उभी राहिली. गुमगावची खाण आजही तिच्याकडे आहे. त्या उत्तरपत्रिकेतली मुलगी रोज शाळेला जाते आणि तिचे वडील पाळीवर जातात. पुढच्या खेपेस आम्ही तिला एक प्रश्न घालणार आहोत, 'तुझे वडील ज्या खाणीत उतरतात, तिच्या मुलखातला माल १९१३ साली कोणाकोणाकडे जात होता आणि १९१५ साली का थांबला?' या प्रश्नाला कदाचित पूर्ण गुण मिळणार नाहीत. पण त्याचे उत्तर शोधताना तिला ते युद्ध कोठे झाले, हे निराळ्या रीतीने कळेल, असा आमचा विश्वास आहे.